वाचकांचे प्रश्न: तिरळ्या डोळ्यांचा साधू आणि त्याची परसबाग

मागच्या अंकात परसबागेवर लिहिताना ओघात मी वालाफ्रिड स्ट्राबो या जर्मन साधूचं नाव घेतलं होतं, नवव्या शतकातला माणूस, मठात राहायचा आणि भाजीपाला न् औषधी झाडांवर त्यानं 444 ओळींची लॅटिन कविता लिहिली, एवढंच सांगून मी पुढं गेले होते. पण वाचकांनी काय मला पुढं जाऊ दिलं नाही. पत्रं आली, मेसेज आले, एका काकांनी तर महाद्वार रोडवर गाठून विचारलं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच्यावरच.

शाहूपुरीहून एक वाचक: ताई, नाव घेतलंत आणि लगेच खताकडं वळलात. हा माणूस कोण, कुठला, जरा नीट सांगा की. स्ट्राबो म्हणजे तो भूगोल लिहिणारा ग्रीक का?

नाही हो, तो ग्रीक स्ट्राबो याच्या आठशे वर्षं आधीचा, दोघांचा काही संबंध नाही. आपल्या या साधूचं नाव वालाफ्रिड, आणि स्ट्राबो हे चिकटलेलं विशेषण, तिरळा म्हणून. लोकांनी म्हणावं आणि यानं चिडावं असंही दिसत नाही, कारण कवितांमध्ये तो स्वतःच स्वतःला तसं म्हणवून घेतो.

जन्म साधारण 808 चा, स्वाबिया म्हणजे आजच्या दक्षिण जर्मनीतला, घरची परिस्थिती गरिबीची. लहानपणीच रायखेनाऊच्या मठात आला. आता हे रायखेनाऊ म्हणजे एक बेट आहे, बोडनसे नावाच्या मोठ्या सरोवरात, जिथं आज जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया तिन्ही देशांचे काठ लागतात. बेट काही फार मोठं नाही, लांबी साडेचार किलोमीटरच्या आसपास आणि रुंदी दीड, म्हणजे सकाळच्या फिरण्यात निम्मं बेट पालथं घालून होईल. पण 724 साली पिर्मिन नावाच्या साधूनं तिथं मठ स्थापन केला आणि शंभर वर्षांत तो युरोपातल्या मोठ्या ज्ञानकेंद्रांपैकी एक झाला, ग्रंथालय, शाळा, हस्तलिखितं उतरवणारे साधू, सगळं तिथं. गरीब घरातला हुशार पोरगा अशा ठिकाणी पडला हे त्याचं नशीब म्हणायचं.

पुढं सतरा-अठराव्या वर्षानंतर कधीतरी त्याला शिकायला उत्तरेला फुल्डाच्या मठात पाठवलं, तिथं ऱ्हाबानुस माउरुस नावाचे त्या काळचे सगळ्यात नावाजलेले गुरुजी होते. आणि तिथं या पोराचं थंडीनं जे काय हाल झाले ते त्यानं कवितेत लिहून ठेवलेत, अंगावर धड कपडा नाही, हाताला ऊब नाही, पाय ताठलेत, घरात बसलं तरी बर्फ, अंथरुणावर पडलं तरी बर्फ. आणि मग रायखेनाऊला आई म्हणून हाक मारतो, सुखी बेटा, मला परत कधी भेटशील असं. हॉस्टेलला राहिलेल्या कुणालाही ही कविता कळेल. मला तर त्याच्या सगळ्या कवितांमध्ये ती फार आवडते, कारण तिच्यात विद्वत्ता दाखवायचा सोस कमी आहे आणि खरंखुरं रडणं जास्त (छंद मात्र अवघड, सॅफो या जुन्या ग्रीक कवयित्रीचा, म्हणजे रडतानाही मात्रा चुकू दिल्या नाहीत पठ्ठ्यानं).

829 मध्ये तो आखेनला सम्राट लुई द पायसच्या दरबारात गेला. सम्राटाचा धाकटा मुलगा चार्ल्स तेव्हा सहा वर्षांचा, त्याला शिकवायला वालाफ्रिडला नेमलं असं परंपरेनं सांगितलं जातं, काही अभ्यासकांना त्यात शंका वाटते, पण दरबारात तो होता आणि राणी युडिथच्या मर्जीतला होता हे त्याच्या कवितांवरूनच दिसतं. 838 ला सम्राटानं त्याला थेट रायखेनाऊचा मठाधिपती केलं. तिशीतला माणूस, ज्या मठात पोरगा म्हणून आला तिथलाच प्रमुख. दोन वर्षांत हाकललाही गेला, 842 ला परत आला आणि 849 मध्ये वारला. चाळिशीच गाठली असेल जेमतेम. त्यात कविता, संतचरित्रं, पूजाविधींचा इतिहास, एवढं सगळं.

कागलहून एक शिक्षिका: मी असं वाचलं की या कवीनं शार्लमेन सम्राटाला नरकात दाखवलं होतं. खरं आहे का? आणि असं लिहून तो जिवंत कसा राहिला?

बाई, प्रश्न एकदम नेमका विचारलात. खरं आहे, फक्त नरकापेक्षा शुद्धीची जागा म्हणू, कारण कवितेतला देवदूत सांगतो की शिक्षा भोगून झाल्यावर राजाला मुक्ती मिळणार आहे.

झालं असं. रायखेनाऊला वेटी नावाचे एक गुरुजी होते, वालाफ्रिडचे स्वतःचे शिक्षक. 824 मध्ये ते आजारी पडले आणि मरायच्या आधी त्यांना दृष्टांत झाले. देवदूत त्यांना परलोक फिरवून आणतो, तिथं आगीची नदी, पापी धर्मगुरू आणि त्यांच्या बायका खांबाला बांधलेल्या, आणि एका जागी एक थोर राजा उभा, बाकी सगळं अंग धडधाकट पण एक जनावर त्याचं गुप्तांग कुरतडतंय. कारण काय, तर राजानं धर्मासाठी एवढं केलं पण वासनेच्या बाबतीत ताबा ठेवला नाही. वेटींनी हे सांगितलं आणि लगेच वारले. मठाचे आधीचे प्रमुख हाइटो यांनी ते गद्यात लिहून ठेवलं, राजाचं नाव न घेता.

आणि मग आपल्या अठरा वर्षांच्या पोरानं त्याचं काव्य केलं. नाव त्यानंही उघड घेतलं नाही, पण ज्या ओळींत तो राजा येतो त्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घेऊन वरून खाली वाचत आलं की कारोलुस इम्पेरातोर असं नाव तयार होतं, म्हणजे सम्राट चार्ल्स, शार्लमेन. बाकी काही पाप्यांची नावंही अशीच लपवलेली. शार्लमेनला जाऊन तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षं झालेली आणि गादीवर त्याचाच मुलगा लुई बसलेला! याला धाडस म्हणायचं की पोरकटपणा, मी आजवर ठरवू शकलेले नाही. काव्य त्यानं ग्रिमाल्ड नावाच्या वजनदार वडीलधाऱ्याकडं पाठवलं, चुका सुधारा आणि सांभाळून घ्या अशी विनवणी करून, म्हणजे भीती होतीच.

जिवंत कसा राहिला याचं उत्तर मला असं वाटतं की त्या काळी हे शिवी म्हणून वाचलंच गेलं नाही. मेलेल्या राजासाठी प्रार्थना करा, त्याची सुटका लवकर होऊ दे, असा त्याचा सूर होता, आणि लुई स्वतः धार्मिक वृत्तीचा, बापाच्या दरबारातला सैलपणा त्याला खपत नव्हता, गादीवर आल्या आल्या त्यानं आखेनचा महाल साफ करायला घेतला होता. म्हणजे पोरानं लिहिलेलं मुलाला फारसं टोचलं नसावं. दोन-तीन वर्षांत तोच पोरगा त्याच दरबारात पोचला यावरून काय ते समजा. परलोकाची अशी सफर पद्यात सांगणारं हे फार जुनं काव्य आहे, इटालियन कवी दान्ते याच्यानंतर पाचशे वर्षांनी आला.

शिवाजी विद्यापीठातला एक विद्यार्थी: मॅडम, जर्मन कवी म्हणता मग लॅटिनमध्ये का लिहिलं?

कारण शिकलेल्या माणसानं लिहायची भाषा तीच होती. जर्मनचं लिखित रूप तेव्हा नुकतं कुठं उभं राहत होतं. पण गंमत अशी की याच ऱ्हाबानुस गुरुजींचा दुसरा एक शिष्य, वाइसेनबुर्गचा ऑटफ्रिड, यानं 870 च्या आसपास ख्रिस्ताची कथा फ्रँकिश बोलीत, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत, यमकं जुळवून लिहून काढली, आणि आमच्याच भाषेनं देवाची स्तुती का करू नये असं ठणकावून विचारलं. नावानिशी माहीत असलेला पहिला जर्मन कवी म्हणून त्याचंच नाव घेतात. तुझा प्रोजेक्ट भाषेवर असेल तर ऑटफ्रिड घे, वालाफ्रिड घेऊ नको.

राजारामपुरीहून एक वाचक: ताई, माझी टेरेस गार्डन आहे. त्या कवितेत नेमकी कुठली झाडं आहेत, आणि आपल्याला त्यातून काही शिकण्यासारखं आहे का, की नुसतंच काव्य?

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. कवितेचं रूढ नाव होर्तुलुस, छोटी बाग. झाडं तेवीस. सुरुवात सेज नावाच्या सुवासिक औषधी झुडपानं होते, मग सताप (हो, आपल्या आज्या कुंडीत लावायच्या तोच), मग दवण्याच्या कुळातली एक झुडपी वनस्पती आणि थोडं पुढं त्याच कुळातली दुसरी, कडू जहर. जोतिबाला चैत्रात दवणा वाहिलेला ज्यांनी बघितलाय त्यांना तो वास लगेच आठवेल. पुढं भोपळा, खरबूज, बडीशेप, आयरिस, लिली, खसखशीचं झाड, पुदिना, सेलरी, मुळा आणि सगळ्यात शेवटी गुलाब. मधली काही नावं, लव्हेज, चर्व्हिल, बेटनी, हॉरहाउंड, आपल्याकडं कुणी लावत नाही, त्यामुळं त्यांच्या मागं लागू नका.

पण खरी मजा झाडांच्या आधी आहे, बाग तयार करण्यात. त्याच्या दारासमोर पूर्वेला तोंड करून एक मोकळी जागा होती आणि हिवाळा संपेपर्यंत ती नेटल नावाच्या तणानं भरून गेली, हात लावला की अंगाची आग होते असलं ते तण. मुळं एकमेकांत अशी विणलेली की तबेल्यात अंथरायला काड्यांची जाळी विणतात तशी, आणि खाली जमिनीत बोगदे पोखरणारे प्राणी. आपल्याकडं हरळी जशी एका टोकाला उपटली की चार हातांवर वर येते, तसलाच प्रकार. मग हा वालाफ्रिड काय करतो, कुदळ घेतो आणि ते सगळं जाळं ढेकळांसकट फोडून काढतो, मुळं वेचतो, दक्षिणेकडच्या वाऱ्यानं आणि उन्हानं माती थोडी तापू देतो, आणि वाफ्याची माती वाहून जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी फळ्या ठोकून वाफा जमिनीपासून थोडा उंच करतो. आज आपण रेज्ड बेड म्हणून ऑनलाइन पैसे देऊन मागवतो ना, तेच, अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीचं. मग शेणखत. तो स्पष्ट म्हणतो की हात काळे करायची आणि टोपल्या भरून खत टाकायची लाज वाटत असेल तर बागेच्या नादी लागू नका, आणि हे मी नुसतं ऐकून किंवा जुन्या पुस्तकांत वाचून सांगत नाही, राबून शिकलोय.

त्यानंतर पाणी. बी नुकतं रुजलेलं, पाऊस नाही, तर हा मोठ्या भांड्यांतून पाणी आणतो पण ओतत नाही, ओंजळीतून थेंब थेंब सोडतो, धार जोरात पडली तर बी उघडं पडेल म्हणून. एवढ्या एका गोष्टीवरून माझी खात्री पटली की हा माणूस खरोखर वाफ्यावर वाकलेला आहे. कारण त्या काळच्या कवितांमध्ये बागा पुष्कळ येतात पण त्या जुन्या रोमन कवी व्हर्जिलच्या पुस्तकातून उचललेल्या असतात. व्हर्जिलनं शेतीवर मोठं काव्य लिहिलं आणि बागांपाशी येऊन म्हणाला की जागा नाही, हे नंतरच्यांनी लिहावं. वालाफ्रिडनं ते जणू मनावर घेतलं. शब्द, लकबी, देवांची नावं सगळी व्हर्जिलकडून घेतलीत, ते लपतही नाही, पण ओंजळीतलं पाणी त्याचं स्वतःचं.

आणखी एक, काही जागा छपराखाली येते तिथं पाऊस पोचत नाही आणि काही जागेला उंच विटांची भिंत आडवी येते तिथं ऊन पोचत नाही, हे तो नोंदवतो. तरी तिथंही काहीबाही उगवलंच म्हणून खूश होतो. टेरेसवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत कुंड्या ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

भोपळ्याचा भाग सगळ्यात लांबलेला आणि सगळ्यात रंगलेला. वेल आधाराला कसा हात घालतो, कसा चढतो, छपरापर्यंत कसा जातो. हा आपला दुधी भोपळा बरं का, लाल नव्हे, लाल भोपळा अमेरिकेतून नंतर आला. कोवळा असताना फोडी करून चरबीत परतून खायचा आणि जून होऊन वाळला की आतून कोरून त्यात दारू भरून ठेवायची. साधू असले तरी वाइन होतीच, त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

तर शिकायचं काय? फळ्या, शेणखत, हलकं पाणी, सकाळचं ऊन. आपल्याकडं जून-जुलैत जो पाऊस कोसळतो त्यात सेज किंवा बडीशेप कुंडीत सडते, तेव्हा तिकडची यादी इकडं जशीच्या तशी लावायला जाऊ नका. ऑक्टोबरनंतर लावा. पुदिना, मुळा, सताप मात्र बिनधास्त.

इचलकरंजीहून एक निवृत्त काका: संन्यास घेतलेल्या माणसाला दरबार कशाला, राजकारण कशाला? असल्यांची कविता आम्ही का वाचावी?

काका, रागावू नका. त्या काळी मठ म्हणजे जमिनी, गावं, सैन्याला माणसं पुरवायची जबाबदारी आणि राजाचे सल्लागार. मठाधिपती कोण हे राजा ठरवायचा. त्यामुळं राजकारण दाराबाहेर ठेवायची सोयच नव्हती.

आणि ते राजकारण लई वाईट होतं. लुईला आधीच्या बायकोचे तीन मुलगे, लोथार, पेपिन आणि लुई (याला पुढं जर्मन लुई म्हणू लागले), त्यांच्यात राज्याच्या वाटण्या करून झालेल्या. मग युडिथपासून चार्ल्स झाला आणि 829 मध्ये त्याच्यासाठी नवीन वाटा काढायला गेले तिथं ठिणगी पडली. 833 मध्ये मुलांनी बापालाच गादीवरून खाली खेचलं, एका वर्षानं तो परत बसला. 840 ला तो वारला आणि भाऊ भाऊ उघड लढायला लागले, 841 ला फोंतनवाची लढाई, माणसं फार मेली, आणि 843 ला व्हर्दूनचा तह होऊन साम्राज्याचे तीन तुकडे.

वालाफ्रिडनं थोरल्या लोथारची बाजू घेतली, साम्राज्य एक राहावं म्हणून. पण रायखेनाऊ होतं जर्मन लुईच्या टापूत. परिणाम काय, तर 840 मध्येच मठ सोडून श्पायरला पळावं लागलं. परत आला तो समझोता झाल्यावर.

आता बागेच्या कवितेत सेजचं वर्णन बघा. औषधी आहे, सुवासिक आहे, सदा हिरवी राहते, पण तिच्या पोटात गृहकलह आहे. नवी फूट वेळेवर छाटली नाही तर ती जुन्या मूळ झाडाला दाबून मारते, असं तो लिहितो आणि शब्द वापरतो तो यादवीचा. पहिल्याच झाडाला! कविता त्यानं कधी लिहिली यावर दोन मतं आहेत, तरुणपणी किंवा मठाधिपती झाल्यावर, मला दुसरं मत पटतं ते या ओळींमुळंच. बापाला पोरांनी खाल्लेलं त्यानं जवळून बघितलं होतं. आणि सेजची जुनी फांदी खरंच अशी लाकडासारखी होऊन मरते, कुणाही माळ्याला विचारा, म्हणजे रूपकासाठी झाडाबद्दल खोटं लिहिलेलं नाही. म्हणून वाचावी, काका.

गडहिंग्लजहून एक वैद्य: त्या कवितेतले औषधी उपयोग कितपत खरे? काही प्रयोग करून बघावेत का?

नको. स्पष्टच सांगते. बडीशेप पोटाला, मुळा खोकल्याला, सेलरी पचनाला, इथपर्यंत ठीक आहे, आपल्याही घरात चालतं. पण बरेचसे उपयोग त्यानं जुन्या रोमन वैद्यक-पद्यांतून घेतलेत आणि काही तर सरळ धोक्याचे आहेत. पेनीरॉयल नावाची पुदिन्याच्या कुळातली वनस्पती आहे, तिचं तो कौतुक करतो, आणि आज आपल्याला माहीत आहे की तिचं तेल यकृताला विषारी आहे, माणसं दगावलीत. सतापही पोटात घ्यायची गोष्ट नाही, गरोदर बाईनं तर मुळीच नाही. तुम्ही वैद्य आहात, तुम्हाला ठाऊक असेल, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते.

काही उतारे वाचून मात्र हसू येतं. हॉरहाउंड कशावर चांगलं, तर सावत्र आईनं जेवणात बचनाग घातला असेल तर ताबडतोब प्या! पुदिन्याबद्दल म्हणतो की त्याच्या सगळ्या जाती ज्याला मोजता येतील त्याला तांबड्या समुद्रातले मासे आणि एटना ज्वालामुखीच्या ठिणग्याही मोजता येतील.

आणि त्या पेनीरॉयलच्या भागात आपण येतो. हिंदुस्थानातल्या जाणत्या लोकांत म्हणे या वनस्पतीला एवढी किंमत आहे जेवढी आमच्या गॉल देशात (म्हणजे आजच्या फ्रान्सकडं) काळ्या मिऱ्याच्या ढिगाला. खरं तर आपल्याकडं पेनीरॉयलला कोण विचारतंय, पण मिरं तेव्हा मलबारच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे अरबांकडून हात बदलत बदलत तिकडं पोचायचं आणि पोचेपर्यंत सोन्यासारखं महाग व्हायचं, ते मात्र पक्कं. त्या बेटावर बसून त्याच्या डोक्यात हिशेब असा की जसं त्यांचं झाड आम्हाला महाग तसं आमचं झाड त्यांना महाग असणार. आणि मग तो देवाचे आभार मानतो की प्रत्येक देशाला काहीतरी दिलंय, एका ठिकाणी दुर्मिळ ते दुसऱ्या ठिकाणी पायाखाली. वैद्यक म्हणून शून्य, पण मला ही जागा फार आवडते.

पन्हाळ्याहून एक वाचक: म्हणजे हा त्यांचा सावता माळी म्हणायचा का?

मोह होतो तसं म्हणायचा, पण नको. सावतोबांना मळ्यातच देव भेटला, पंढरीला जायचीही गरज वाटली नाही, भाजी हाच विठ्ठल. वालाफ्रिडच्या बागेत देव असा झाडाझाडांत नाही. मुळा तो मुळाच आहे. फक्त शेवटी लिली आणि गुलाब येतात तेव्हा तो म्हणतो की गुलाब म्हणजे धर्मासाठी सांडलेलं रक्त आणि लिली म्हणजे श्रद्धा, तेवढाच काय तो धर्म. शिवाय सावतोबा जातीनं आणि धंद्यानं माळी, त्यांचं पोट मळ्यावर, हा विद्वान मठाधिपती, हौसेनं राबणारा. हौस खरी होती, पण फरक आहे तो आहे.

आजऱ्याहून आठवीतली एक मुलगी: तो वारला कसा? आणि त्याच्या हातचं काही शिल्लक आहे का?

18 ऑगस्ट 849 ला, फ्रान्समधली लोआर नदी ओलांडताना बुडून. जर्मन लुईनं त्याला चार्ल्सकडं निरोप्या म्हणून पाठवलं होतं, म्हणजे ज्या पोराला शिकवलं असं म्हणतात त्याच्याचकडं. त्याच्या समाधीवरच्या ओळी त्याच्या म्हाताऱ्या गुरुजींनी, ऱ्हाबानुसनी, लिहिल्या.

शिल्लक आहे ना! स्वित्झर्लंडमध्ये सांक्त गालेनच्या ग्रंथालयात एक जाडसर वही आहे, 878 नंबरची, ती त्याची स्वतःची वही असल्याचं विसाव्या शतकात एका अभ्यासकानं अक्षरावरून ओळखलं. तुमच्या वहीसारखीच, जे आवडेल ते उतरवून घेतलेलं, व्याकरण, पंचांगाची गणितं, ग्रीक आणि हिब्रू लिपी, उत्तरेकडच्या लोकांची रून लिपीसुद्धा. विद्यार्थी असल्यापासून मरेपर्यंत ती त्यानं जवळ बाळगली. ग्रंथालयानं तिची सगळी पानं इंटरनेटवर फुकट ठेवलीत, कुणी मोठं माणूस सोबत असेल तर बघ. अक्षर बारीक आहे, घाबरू नको.

मंगळवार पेठेतला एक वाचक: बाकी राहू दे ताई, त्या बागेत मिरची होती का नाही तेवढं सांगा.

नव्हती, भावा. मिरची, टोमॅटो, बटाटा हे सगळं अमेरिकेतून, कोलंबसानंतर. आपल्याकडंही मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली, म्हणजे वालाफ्रिडच्या वेळी आपल्या कोल्हापुरातही तांबडा रस्सा नव्हता, तिखट म्हणजे मिरंच, आणि त्यात आपण त्यांच्या पुढं होतो कारण मिरं आपलं. आता रायखेनाऊवर गेलात तर मठाच्या जुन्या चर्चजवळ त्याच्या कवितेतली झाडं लावून छोटी बाग केलेली दिसेल, 2000 सालापासून बेट युनेस्कोच्या यादीत आहे. बाकी बेटावर काचेच्या शेडच्या शेड आहेत आणि त्यात पिकतंय काय, तर काकडी, टोमॅटो आणि ढोबळी मिरची. तिखट नसलेली.